दहाने काय फरक पडतो, ते माझ्या खोलीत येऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन आठवडे तुमच्या वाचकपत्रांच्या पानावर स्पीड कॅमेऱ्यांवरून जे चाललंय ते मी रोज वाचतेय. बहुतेकांचा सूर एकच आहे, की हे कॅमेरे सुरक्षेसाठी नाहीतच, लोकांकडून पैसे उकळायला लावलेत, तर काढून टाका. परवा एका वाचकांनी असंही लिहिलं की पन्नासच्या रस्त्यावर साठने गेलो म्हणून काय आभाळ कोसळत नाही. ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून हे पत्र. थोडं लांब झालंय, पण शक्य झालं तर कापू नका ही विनंती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं होऊन गेली या कामाला. माझ्याकडे पाठदुखी, गुडघेदुखीवाले येतात तसे रस्त्यावरच्या अपघातातलेही येतात, आणि ते सगळ्यात जास्त काळ येत राहतात. बातमीत यांचा उल्लेख एका ओळीत असतो, इतके ठार, इतके जखमी, आणि "जखमी" म्हटलं की वाचणारा पुढे जातो कारण माणूस वाचला ना, मग झालं. त्या एका शब्दानंतर काय सुरू होतं ते मी रोज बघते.

सध्या एक मुलगा येतोय, विशीतला. रस्ता ओलांडत होता. ज्या गाडीने उडवलं तिचा ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, मोबाईलवर नव्हता, सिग्नलही तोडला नव्हता, फक्त त्या रस्त्यावर जेवढं जायला पाहिजे त्याहून थोडा जास्त जोरात होता. मुलाच्या डोक्याला मार लागला. पाय बरे आहेत, चालतो, बोलतोही बऱ्यापैकी, पण उजवा हात ऐकत नाही. गेले चार महिने आम्ही शर्टाचं बटण लावायला शिकतोय. अंगठा आणि पहिलं बोट बटणापर्यंत येतं, बटण पकडलं जातं, काजाजवळ नेतो, आणि तिथे बोटं सुटतात. परत पहिल्यापासून. एका बटणाला कधी सहा मिनिटं लागतात कधी अकरा. मी समोर बसते आणि मदत करत नाही, करायचीच नसते, तेच माझं काम आहे. त्याची आई शेजारच्या खुर्चीवर बसते आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवते, कारण नाहीतर ते आपोआप त्याच्या बटणाकडे जातात. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिनेच शोधून काढलंय.

आता त्या दहाचा हिशोब, आणि हा कोणालाही घरी कागदावर करता येतो, त्यासाठी तज्ज्ञ असायची गरज नाही. समजा समोर अचानक कोणी आलं. माणसाला ते दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो, आणि हे मी चांगल्या, जाग्या, लक्ष असलेल्या ड्रायव्हरचं धरतेय. ५० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर अजून साधारण १४ मीटर. म्हणजे २८ मीटरवर गाडी उभी. आता त्याच जागी ६० वाला घ्या, ब्रेक तोच, रस्ता तोच, माणूस तेवढाच हुशार. त्याचे जवळजवळ १७ मीटर ब्रेकला पाय लागेपर्यंतच संपतात, आणि जिथे ५० ची गाडी पूर्ण थांबलेली असते त्या २८ मीटरच्या रेषेवर हा अजून जवळजवळ ४० च्या वेगात असतो. दहाने जास्त जाणारा त्या रेषेवर दहाने नाही, चाळीसने धडकतो. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून तीनदा केलं. चुकलेलं नव्हतं. कारण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ५० चे ६० झाले की वेग वाढतो २० टक्के पण ताकद वाढते ४४ टक्के, आणि ब्रेकला ती सगळी ताकद जिरवायची असते.

माणसाचं हाड आणि मेंदू मात्र तेच राहतात. ५० ने धडक बसणं म्हणजे साधारण १० मीटरवरून खाली पडणं, ६० ने म्हणजे १४ मीटरवरून. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, आणि पायी चालणाऱ्याला ५० ऐवजी ६५ ने गाडी लागली तर मरायची शक्यता साडेचार पट होते. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात रस्त्यावर ११ लाख ९० हजार माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवाली आणि दुचाकी-तीनचाकीवाली होती, आणि ५ ते २९ वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे.

आणि या दहाच्या बदल्यात मिळतं काय, तर १० किलोमीटरला दोन मिनिटं, तीही मध्ये एकही सिग्नल लागला नाही तर.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण ते न सांगता इतरांना शहाणपण शिकवणं बरोबर नाही. मलाही दंड झालाय. ५० चं लिमिट, फोटोत माझी गाडी, आकडा ६३. दोन दिवस मी घरात सगळ्यांशी भांडत होते, रस्ता मोकळा होता, दुपारची वेळ होती, कोणी मध्ये येणार नव्हतं, मी काय मुद्दाम केलं का, तुमच्या पानावर जे जे छापून येतंय ते सगळं मी बोलून झाले होते. बोर्ड होता की नाही हे बघायला परत त्या रस्त्याने गेले. बोर्ड होता, मोठा होता, आणि मी तो वर्षानुवर्षं बघत आलेय. त्याच रात्री मी वरचा हिशोब ६३ साठी केला. त्या २८ मीटरच्या रेषेवर माझी गाडी ४५ च्या आसपास असती. माझ्या समोर रोज जी माणसं बसतात त्यांच्यातलं एक मी तयार केलं असतं आणि मला वाटलं असतं की तेच अचानक मध्ये आलं. तेव्हापासून मी कॅमेऱ्यांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, दोन्ही बाजूंचं.

त्यात एक गोष्ट मला फार आवडली. स्पीड कॅमेरा ज्यांनी काढला ते मॉरिस गॅटसोनिडेस नावाचे डच गृहस्थ स्वतः रॅली ड्रायव्हर, म्हणजे मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवणारे होते, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेले. स्वतःचा वेग अजून कसा वाढवता येईल हे बघायला त्यांना वळणावर नेमका वेग मोजायचा होता, त्यासाठी त्यांनी ते यंत्र बनवलं, आणि पुढे तेच पोलिसांच्या हातात गेलं. म्हणजे ज्याने हे बनवलं तो गाडी हळू चालवणारा माणूस नव्हता, वेगाचं प्रेम असणाराच होता.

कॅमेऱ्याने खरंच फरक पडतो का, तर पडतो. २०१० साली कोक्रेन या संस्थेने वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र करून बघितले (आम्ही वैद्यकीय क्षेत्रातले लोक औषधांच्या बाबतीत ज्यांच्यावर विश्वास ठेवतो तेच हे), तर कॅमेऱ्याजवळ जीवघेणे आणि गंभीर जखमांचे अपघात कुठे ११ टक्क्यांनी तर कुठे ४४ टक्क्यांपर्यंत कमी झालेले दिसले. आकड्यांत एवढी तफावत का, तर सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नव्हते आणि हे त्यांनीच मोकळेपणाने लिहिलंय.

इथे विरोधकांचा एक मुद्दा मला मनापासून पटतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा. ते म्हणतात की तुम्ही कॅमेरा लावता कुठे, तर जिथे नुकतेच खूप अपघात झाले तिथे, मग पुढच्या वर्षी तिथले अपघात तसेही थोडे कमी होणारच होते, त्याचं श्रेय कॅमेऱ्याला कशाला. हे अगदी खरं आहे. माझ्या कामात हे मी रोज बघते. माणूस माझ्याकडे कधी येतो, तर दुखणं अगदी सहन होईना झालं की येतो, त्या दिवशी दुखणं सगळ्यात वर असतं, आणि मी हातही लावला नसता तरी चार दिवसांनी ते थोडं उतरलंच असतं, ते सगळं माझ्या हाताचा गुण म्हणून सांगायला लागले तर ती फसवणूक होईल. पण म्हणून माझ्या उपचाराचा काहीच उपयोग नाही असंही नाही ना, किती आपोआप उतरलं आणि किती उपचाराने हे वेगळं काढता येतं, आणि चांगल्या अभ्यासांमध्ये ते काढलेलं असतं. ब्रिटनमधल्या सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांवर २०१६ साली आरएसी फाउंडेशन या तिथल्या रस्ते-वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट आला त्यात हा आपोआप उतरणारा भाग वजा केला होता, तरी जीवघेणे आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी कमी निघाले.

दुसरा मुद्दा कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा गेला की परत ॲक्सिलरेटर, हाही खराच आहे, आपण सगळे बघतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून २०१७ साली ब्रिटनमधल्या अडीच हजारांहून जास्त कॅमेऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या आत अपघात १७ ते ३९ टक्क्यांनी आणि मृत्यू ५८ ते ६८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पण दीड किलोमीटरच्या पुढे हा परिणाम संपून कदाचित उलटाच होतो असंही दिसलं. मग यावर उपाय कॅमेरा काढायचा का? उलट एका जागी पकडण्याऐवजी दोन टोकांना दोन कॅमेरे लावायचे, दोन्हीकडे नंबर प्लेट वाचायची, मधलं अंतर ठरलेलं आहे त्याला लागलेल्या वेळाने भागायचं, आणि निघाला तुमचा सरासरी वेग. यात एका खांबाजवळ ब्रेक मारून उपयोग नाही, पूर्ण पट्टा नीट चालवावा लागतो. आणि एक क्षणभर ओव्हरटेक करताना काटा वर गेला म्हणून दंड बसला ही जी तक्रार बरेच जण करतात तीही यात बरीचशी मिटते.

पैशांची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही, कारण ती हवेतली नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सिग्नलला थांबलेल्या गाडीला वेग मर्यादा ओलांडल्याचा दंड गेला होता, पुराव्याच्या दोन्ही फोटोंत गाडी जागच्या जागी होती, शेवटी २०१३ साली त्या शहराला सगळे कॅमेरे बंद ठेवावे लागले आणि पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडलं. शिकागोमध्ये सिग्नल तोडणाऱ्यांना पकडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच खाल्ल्याबद्दल शहराच्या एका माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्येही काही वर्षं दंडाच्या पैशातूनच कॅमेरे चालवणाऱ्यांचा खर्च भागवला जायचा, लोकांना साहजिकच संशय यायला लागला, २००७ साली ती पद्धत बंद केली. असं झालं की लोक चिडतात आणि त्यांनी चिडायलाच पाहिजे. जितके जास्त दंड तितकी ठेकेदाराची जास्त कमाई असा करार कुठेही असेल तर तो आधी रद्द व्हायला हवा, यात माझं आणि तुमच्या पत्रलेखकांचं दुमत नाही. थांबलेल्या गाडीला दंड पाठवणारं एक पत्र हजारो माणसांचा विश्वास घालवतं, आणि मग खरोखर ८० ने जाणाराही म्हणायला लागतो की मशीनच खोटं.

स्वीडनने हे कसं सांभाळलं ते बघण्यासारखं आहे. १९९७ मध्ये त्यांच्या संसदेने व्हिजन झिरो मान्य केलं, म्हणजे रस्त्यावर कोणी मरणं किंवा कायमचं जायबंदी होणं हे चालवूनच घ्यायचं नाही, माणूस चुकणारच हे धरून रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसावी. त्यांनी कॅमेऱ्याचं नावच "वाहतूक सुरक्षा कॅमेरा" केलं, आधी बोर्ड लावून सांगतात की पुढे कॅमेरा आहे, आणि सगळे कॅमेरे सगळा वेळ चालूही नसतात. म्हणजे पकडायचं हा हेतूच नाही, माणूस त्या जागी हळू झाला की काम झालं. मला हे फार पटतं. ज्या कॅमेऱ्याला वर्षभर कोणी सापडत नाही आणि त्याच्या समोर कोणी मरतही नाही तो सगळ्यात चांगला कॅमेरा. आणि वर्षानुवर्षं एकाच खांबावर हजारो लोक पकडले जात असतील तर तिथे बोर्ड दिसत नाहीये किंवा रस्त्यातच काहीतरी चुकलंय.

कारण रस्ता बोलतो ड्रायव्हरशी. सरळ, रुंद, चार पदरी, मध्ये काही अडथळा नाही असा रस्ता बांधायचा आणि कडेला ५० चा बोर्ड लावायचा, तर माणसाचा पाय बोर्डाचं ऐकत नाही, रस्त्याचं ऐकतो. मी ६३ वर होते ते अशाच रस्त्यावर. तिथे मध्ये रस्ता ओलांडणाऱ्यांना थांबायला जागा करा, क्रॉसिंग उंच करा, कोपरे आत घ्या म्हणजे वळताना गाडी आपोआप हळू होईल, हे सगळं करायलाच हवं आणि कॅमेरा त्याच्या बदल्यात नको, सोबत हवा. पण रस्ता तोडून परत बांधायला वर्षं लागतात आणि कॅमेरा काही आठवड्यांत उभा राहतो, मधल्या वर्षांत जे जातील त्यांचं काय, हे "आधी रस्ते नीट करा मग कॅमेरे लावा" म्हणणाऱ्यांनी मला सांगावं.

दंड सगळ्यांना सारखा असल्यामुळे गरिबाला तो जड जातो आणि पैसेवाल्याला काहीच वाटत नाही, हेही एका पत्रात होतं आणि तेही बरोबर आहे. फिनलंडमध्ये वेग फार जास्त असेल तर दंड उत्पन्नावर ठरतो, २०२३ मध्ये ५० च्या जागी ८२ ने जाणाऱ्या एका श्रीमंत उद्योजकाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. ब्रिटनमध्ये थोडाच वेग जास्त असेल तर दंडाऐवजी काही तासांचा वर्ग करायची सोय असते. असे मार्ग आहेत, ते मागा की, मी पण तुमच्यासोबत सही करते.

पण ते मागायचं सोडून खांबच कापायचे हे मला समजत नाही. फ्रान्समध्ये इंधनाच्या दरवाढीवरून सुरू झालेल्या २०१८ च्या पिवळ्या जॅकेटवाल्या आंदोलनात देशातले जवळजवळ ६० टक्के स्पीड कॅमेरे फोडले किंवा निकामी केले असं त्यांच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं होतं. कॅनडात टोरंटोमध्ये एका कॅमेऱ्याचा खांब तर लावला की कापायचे, असं पुन्हा पुन्हा झालं, आणि शेवटी ओंटारियो प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्याच स्पीड कॅमेऱ्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्याच मुलांच्या हॉस्पिटलच्या संशोधकांनी दाखवलं होतं की शाळांजवळ कॅमेरे लावल्यावर लिमिट मोडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी झालं. हाताशी एवढं असताना शाळेसमोरचे कॅमेरे काढले. मला ते वाचून रात्री झोप लागली नाही.

दारू पिऊन चालवणारे, सिग्नल तोडणारे, उलट्या दिशेने येणारे यांचं काय, असंही विचारतात. त्यांनाही पकडाच. पण त्या मुलाला उडवणारा ड्रायव्हर यातला कोणीच नव्हता हे मी वर लिहिलंय, तो तुमच्या-माझ्यासारखा माणूस होता.

तर संपादक साहेब, माझं मागणं तुमच्याकडेच आहे. दोन्ही बाजूची पत्रं छापताय ते चांगलंच आहे, पण आता तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा हिशोब मागून घ्या. तो कुठल्या जागी आहे, लावायच्या आधीच्या तीन वर्षांत तिथे किती मेले आणि किती गंभीर जखमी झाले, लावल्यानंतरच्या तीन वर्षांत किती, यंत्र शेवटचं कधी तपासलं, दंड किती जमला आणि तो कुठे गेला, आणि ठेकेदाराला पैसे ठरलेले मिळतात की दंडाच्या संख्येवर. हे सगळं एका पानावर छापा, दरवर्षी छापा. ज्या जागी कधी अपघातच झाला नव्हता तिथे कॅमेरा निघाला तर तो काढा म्हणून पहिलं पत्र मी लिहीन. आणि फक्त ठार झालेल्यांचा आकडा घेऊ नका, जखमींचा वेगळा रकाना ठेवा, आणि जमलं तर त्यातले किती जण सहा महिन्यांनंतरही उपचार घेत होते तेही विचारा, कारण तो आकडा मी आजपर्यंत कुठल्याच बातमीत वाचलेला नाही.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक